अनोळखी शेरा

वादळाची वर्दी आली म्हणजे मालवणच्या बंदरावर बावटा चढतो. तीन क्रमांकाचा बावटा दिसला कीं वारा बिघडणार, होड्या पाण्यांत लोटूं नयेत, हें किनाऱ्यावरच्या पोराबाळांनाही कळतें. या खुणांची सबंध मालिका आहे, एकपासून अकरापर्यंत. दिवसा ठराविक आकार टांगतात आणि रात्रीं दिव्यांची मांडणी करतात. दांडीच्या किंवा देवबागच्या रापणकरास तीन क्रमांकाचा अर्थ पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. पण समजा, परमुलखांतलें एकादें तरांडें दुरुस्तीच्या निमित्तानें या किनाऱ्यास लागलें आहे आणि त्याच्या तांडेलानें ही खूण जन्मांत पाहिलेली नाहीं. सिंधुदुर्गाच्या तटावरून त्याची नजर बंदराकडे वळते. कांहींतरी टांगलेलें आहे, पण काय तें उमगत नाहीं. आतां त्यानें करावें काय?

त्याला वाटा तीनच. जें आपणांस कळत नाहीं तें आपणांसाठीं नसेल असें समजून शीड उभारावें, ही पहिली. निघावें तर खरें, पण निघतांना खलाशांस मोठ्यानें सांगावें कीं, बंदरावर कांहीं तरी लावलें आहे, मला त्याचा अर्थ लागत नाहीं, ही दुसरी. आणि अर्थ सांगणारा भेटेपर्यंत नांगर उचलूंच नये, ही तिसरी. बंदरावरची ती वस्तु एकाद्या उत्सवाची पताका असेल तर तिसऱ्या वाटेनें जाणारा हंसें करून घेईल. वादळाची खूण असेल तर पहिल्या वाटेनें जाणारा बुडेल. खुणेकडे नुसतें पाहून कोणती वाट बरी, हें त्याला ठरवितां येत नाहीं, आणि अडचण सारी तेथेंच आहे.

हाच पेंच संगणकाच्या जगांत दररोज पडतो, आणि तो सोडवितांना जाणत्या लोकांचे मतभेद झालेले आहेत.

मनुष्य जी संहिता लिहितो ती संगणकाच्या यंत्रास जशीच्या तशी कळत नाहीं. ती वाचून यंत्राच्या भाषेंत उतरविण्याचें काम दुसराच एक प्रोग्रॅम करतो. त्यास कंपायलर म्हणतात. हा दुभाषा मोठा काटेकोर असतो. एक स्वल्पविराम गळला तरी तो काम थांबवितो आणि चूक कोणत्या ओळींत आहे तें सांगतो. जी. सी. सी. नांवाचा मुक्त कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं प्रथम लोकांपुढें ठेवला. आज त्याच्या स्वतःच्या संहितेच्या ओळी लक्षावधींनीं मोजाव्या लागतात. पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक उदय खेडकर यांनीं या एका कंपायलरच्या अंतरंगाच्या अभ्यासासाठीं एक केंद्र चालविलें व त्याची रचना उलगडून दाखविणारे वर्ग घेतले, यावरून त्याच्या पसाऱ्याची कल्पना येईल.

आतां, संहितेंत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक मुख्य मजकूर: अमुक बेरीज कर, तमुक अक्षरें छाप. दुसरा मजकूर मामलेदार कचेरींतील कागदाच्या समासांत लिहिलेल्या शेऱ्यांसारखा असतो. अर्ज तोच, पण समासांत कोणी ‘तातडीचें’ असें लिहितो, कोणी ‘मागील कागद सोबत पहावेत’ असें लिहितो. सी आणि सी प्लस प्लस या भाषांमध्यें अशा शेऱ्यास ॲट्रिब्यूट म्हणतात व तो दुहेरी चौकोनी कंसांत घालतात. उदाहरणार्थ, ‘नोडिस्कार्ड’ हा शेरा घ्या. कागद कपाटांत नीट ठेवला गेला कीं नाहीं याचें उत्तर देणारें एकादें फंक्शन असतें. त्याचें उत्तर कोणी न वाचतांच टाकून देऊं लागला तर त्याला हटका, असें हा शेरा कंपायलरला सांगतो. प्रोग्रॅम जें करतो तें शेऱ्यानें बदलत नाहीं. दुभाष्याला मात्र लक्ष कोठें ठेवावें तें कळतें.

मुख्य मजकुरांत अनोळखी शब्द आला तर कंपायलर थांबतो. त्याविषयीं वाद नाहीं. परंतु अनोळखी शेरा आला तर?

या प्रश्नाची पहिली गाजलेली कथा विनोदी आहे. सी भाषेचें अमेरिकेंतील प्रमाणीकरण १९८९ सालीं पुरें झालें. त्यांत ‘प्रॅग्मा’ नांवाची एक जातीची सूचना घेतली गेली आणि तिचा परिणाम काय व्हावा हें ज्या त्या कंपायलरच्या कर्त्यावर सोंपविलें गेलें. मसुदा फिरत होता तेव्हांच, म्हणजे १९८८ च्या सुमारास, जी. सी. सी. च्या १.१७ या आवृत्तींत स्टॉलमन यांनीं या मोकळिकीचा शब्दशः फायदा घेतला. संहितेंत प्रॅग्मा दिसतांच त्यांचा कंपायलर भाषांतर सोडून नेटहॅक नांवाचा खेळ सुरू करूं पाही. तो संगणकावर नसेल तर रोग हा दुसरा खेळ. तोही नसेल तर हनोईचे मनोरे रचणारें कोडें. आणि यांपैकीं कांहींच न सांपडलें तर वाकड्यातिकड्या वाटांच्या चक्रव्यूहांत वाचक सांपडल्याचा संदेश देऊन काम बंद. नियमाप्रमाणें यांत कांहीं गैर नव्हतें! कर्त्यावर सोंपविलें याचा अर्थ कर्ता वाटेल तें करील, हें त्यांना दाखवावयाचें होतें. हा विनोद पुढच्या आवृत्त्यांतून गेला. प्रमाणग्रंथानें अनोळखी प्रॅग्मा सोडून देण्याची रीत घातली व तीच रूढ झाली.

ती रीत रूढ होण्यास सबळ कारण होतें. एकच संहिता अनेक कंपायलरांच्या हातून जाते. एकाचा कर्ता आपल्यापुरता एक शेरा काढतो, दुसऱ्याला तो ठाऊक नसतो. दुसरा जर प्रत्येक परक्या शेऱ्यापुढें अडून बसला तर लिहिणारास प्रत्येक कंपायलरसाठीं निराळी प्रत काढावी लागेल. ओपन एम. पी. ही योजना १९९७ पासून पुढें आली; तिच्या खुणा म्हणजे अमुक गणित अनेक प्रक्रियकांत वांटून एकाच वेळीं करावें अशी सूचना. ज्या कंपायलरास ती कळत नाहीं तो सूचना सोडतो आणि तेंच गणित एकट्यानें क्रमाक्रमानें करतो. उत्तर तेंच येतें, वेळ अधिक लागतो, इतकेंच. मुद्दाम अशा बेतानेंच ती रचलेली आहे. सोडून देण्यासारखा शेरा कसा असावा याचा तो नमुना होय.

सी प्लस प्लस मध्यें दुहेरी कंसांतले शेरे २०११ च्या प्रमाणग्रंथानें आले. अनोळखी शेऱ्याचें काय करावें तें त्या वेळीं कर्त्यांवरच सोंपविलें होतें. २०१७ च्या ग्रंथानें स्पष्ट नियम केला कीं, जो शेरा ओळखीचा नाहीं त्याकडे दुर्लक्ष करावें. नियम दुर्लक्षाचा असला तरी व्यवहारांत जी. सी. सी. आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर तांडेलाची दुसरी वाट धरतात: शेरा सोडतात, पण सोडल्याची ताकीद छापतात. ताकिदींचा इतका पाऊस पडे कीं, २०२२ सालच्या जी. सी. सी. च्या बाराव्या आवृत्तींत, अमुक घरचा अमुक शेरा दिसला तर ओरडूं नको, असें त्यास आधीं सांगून ठेवण्याची सोय करावी लागली.

येथवर सर्व सुरळीत वाटतें. पण या सौजन्याचे दोन तोटे आहेत. पहिला साधा आहे. लिहिणारानें ‘नोडिस्कार्ड’ लिहितांना दोन अक्षरांची अदलाबदल केली, तर कंपायलरच्या दृष्टीनें तो शब्द चुकलेला नसतो. तो कोणा दूरच्या पाहुण्याचा शेरा असतो. परकें आणि चुकलेलें यांत भेद करण्याचें त्याला साधन नाहीं. ताकीद वाचली गेली तर ठीक. मोठ्या कामांत ताकिदींच्या हजार ओळी वाहून जातात, त्यांत हीही जाते. आणि कागद कपाटांत गेलाच नाहीं हें सांगणारें उत्तर कोणी न वाचतां केरांत पडतें. म्हणून सावध मंडळी शेऱ्याविषयींच्या ताकिदीला चुकीचा दर्जा देऊन कामच थांबवितात. प्रमाणग्रंथानें दिलेली सवलत ते आपल्या घरीं परत घेतात म्हणा ना.

दुसरा तोटा खोल आहे. सोडून दिला तरी चालेल तोच शेरा, ही मूळ समजूत. पण जो सोडून देतां येत नाहीं असा मजकूर शेऱ्याच्या कंसांत शिरला तर? २०११ च्या ग्रंथाच्या मसुद्यांत वारशानें आलेलें फंक्शन बदललें आहे असें सांगणारी खूण दुहेरी कंसांतच होती. वाद होऊन ती कंसांबाहेर आली व ‘ओव्हरराइड’ हा भाषेचा शब्द झाला. ज्याकडे दुर्लक्ष होऊं नये त्याला समासांत ठेवूं नये, असें म्हणणारा पक्ष तेव्हां सरस ठरला. पुढें मात्र त्या पक्षाची शिस्त सैल झाली असें म्हणावें लागतें, आणि त्याचा पुरावा २०२० च्या ग्रंथांत आहे.

त्या ग्रंथानें ‘नो युनिक ॲड्रेस’ नांवाचा एक शेरा आणला. तो समजण्यास संगणकाच्या स्मृतीची कल्पना कप्प्याकप्प्यांच्या पेटीसारखी करावी. सी प्लस प्लसचा जुना दंडक असा कीं, पेटींतील प्रत्येक वस्तूला, तिच्यांत कांहींही नसलें तरी, स्वतःची जागा हवी. एकादी रिकामी वस्तु आणि तिच्यामागें चार बाइटांची एक संख्या ठेवावयाची आहे असें धरा. रिकामीला एक बाइट जातो. संख्या चाराच्या पटीच्या जागीं बसली पाहिजे म्हणून मध्यें तीन बाइट मोकळे जातात. मग संख्येचे चार. एकूण ८ बाइट, त्यांतले चार फुकट. या रिकाम्या वस्तूला स्वतंत्र जागा नको, असें नवा शेरा सांगतो. मग संख्या पेटीच्या आरंभींच बसते आणि सर्व काम ४ बाइटांत होतें. बचत खरी आहे, आणि लाखों पेट्या असल्या म्हणजे लहानही नाहीं.

पण मोठा प्रोग्रॅम एका बैठकींत भाषांतरित होत नाहीं. त्याचे तुकडे निरनिराळ्या वेळीं, कधीं निरनिराळ्या कंपायलरांकडून यंत्रभाषेंत उतरतात आणि मागाहून सांधले जातात. पहिला तुकडा शेरा मानणाऱ्या कंपायलरानें केला. तो संख्या पहिल्या बाइटापासून लिहितो. दुसरा तुकडा जुन्या कंपायलरानें केला. त्याला शेरा अनोळखी, आणि २०१७ च्या नियमाप्रमाणें त्यानें तो इमानानें सोडला. तो तीच संख्या पांचव्या बाइटापासून वाचतो. तेथें दुसरेंच कांहीं असतें. चूक कोणाचीच नाहीं. दोघांनींही नियम पाळला. हिशेब मात्र खोटा येतो, आणि तोही गुपचूप. एका दलालानें लिहिलेली हुंडी दुसऱ्यानें उलट्या बाजूनें वाचावी, तसा हा प्रकार झाला.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरकर्त्यांपुढें हा पेंच उभा राहिला तेव्हां त्यांनीं चमत्कारिक वाटणारा, पण विचारपूर्वक निर्णय घेतला. त्यांचा कंपायलर हा प्रमाण शेरा वाचतो, त्याची त्याला ओळख आहे, तरीही २०२० च्या नियमांनीं चालवितांनाही तो त्यावर अंमल करीत नाहीं. कारण तेंच कीं, २०१७ च्या नियमांनीं उतरविलेला तुकडा आणि २०२० च्या नियमांनीं उतरविलेला तुकडा यांची पेटी एकच राहिली पाहिजे. ज्यास खरोखर जागा वांचवावयाची असेल त्याच्यासाठीं २०२१ च्या सुमारास त्यांनीं आपल्या घरचें नांव पुढें लावलेला निराळा शेरा दिला. परिणामीं दोन्हीकडे चालावी अशी संहिता लिहिणारा आज दोन शेरे बाळगतो आणि समोरचा कंपायलर कोण हें पाहून त्यांतला एक लावतो. अनोळखी शेरा मुकाट्यानें सोडण्याची सोय ज्या एका प्रतीसाठीं केली होती, तिच्याच पोटीं पुन्हां दोन प्रती आल्या.

मराठी वाचकास याचें घरगुती उदाहरण हवें असेल तर तें त्याच्या लिपींतच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल घळी. बोलतांना पहिल्या शब्दांत ‘द’ वर आघात येतो, दुसऱ्यांत येत नाहीं. लिहितांना पहिल्यांत वर रफार, दुसऱ्यांत पापणीसारखा आडवा र. संगणकांत हा आडवा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकींत खालीं टिंब असलेला निराळा र वापरतात. दुसरींत साधा र, हलन्ताची खूण आणि तिच्यामागें एक अदृश्य जोडखूण, जिची रुंदी शून्य असते. या अदृश्य खुणेविषयीं युनिकोडच्या प्रमाणग्रंथाचा सर्वसाधारण संकेत सी प्लस प्लस सारखाच आहे: ज्या प्रोग्रॅमास ती कळत नाहीं त्यानें ती न दाखवितां सोडावी. पुष्कळ लिपींत त्यानें कांहीं बिघडत नाहीं. मराठींत मात्र ती खूण गळली कीं सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्याची दक्षिणा आचार्याच्या नांवावर चढते. पडद्यावर कोणतीही ताकीद येत नाहीं. शब्द शुद्धच दिसतो, फक्त तो दुसराच असतो. ज्या शेऱ्याविषयीं हें भाषण आहे, त्याच्या सामान्यरूपांतही हाच र बसलेला आहे, हा एक योगायोग.

तिसऱ्या वाटेचे, म्हणजे अर्थ कळेपर्यंत नांगर न उचलणारे, कंपायलरही आहेत. रस्ट या भाषेचा कंपायलर अनोळखी शेरा दिसतांच चूक म्हणून थांबतो. इतर साधनांसाठीं लिहिलेले शेरे त्याला चालतात, पण त्यांच्यापुढें त्या साधनाचें नांव हवें आणि तें नांव त्याच्या माहितींतलें हवें. ही सोय २०१८ सालीं पक्की झाली. पाहुणा आला तरी कोणाकडचा तें सांगूनच आंत यावयाचें. जावा भाषेची तऱ्हा याहून मौजेची आहे. तिच्यांत २००४ पासून शेरे आले. कंपायलरास शेऱ्याची व्याख्या सांपडली नाहीं तर तो थांबतो. पण त्याच कंपायलरानें तयार केलेली फाइल जें जावायंत्र चालवितें त्यास आज्ञा अगदीं उलट आहे. फाइलींत जोडलेली जी पुरवणी ओळखीची नसेल ती गाजावाजा न करतां सोडलीच पाहिजे. एकाच घरांत दारावरचा पहारेकरी कडक आणि माजघर उदार! त्यांत विसंगति नाहीं. दारावर लिहिणारा स्वतः हजर असतो, त्याला विचारतां येतें. माजघरांत फाइल पोंचते तेव्हां तो कोसों दूर असतो. पण जावानें उदारपणाबरोबर एक अटही घातली आहे: प्रमाणग्रंथाबाहेरची नवी पुरवणी निघाली तर तिनें फाइलीचा अर्थ बदलतां कामा नये. ‘नो युनिक ॲड्रेस’ मध्यें उणीव राहिली ती नेमकी याच अटीची.

तांडेलाच्या तिन्ही वाटांत एक समान खोट आहे: निर्णय वाचणाऱ्यावर पडतो, आणि त्याला तर खूण कळलेली नसते. ती खोट काढण्याची युक्ति कंपायलरांच्या जगाबाहेर, चित्रें सांठविण्याच्या पी. एन्. जी. या पद्धतींत १९९६ सालींच प्रसिद्ध झाली होती. या चित्रफाइलीचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला चार रोमन अक्षरांचें नांव असतें. पहिलें अक्षर मोठ्या वळणाचें असेल तर तुकडा अत्यावश्यक. तो ओळखतां न आल्यास वाचणाऱ्यानें चित्र दाखविण्याचा आव न आणतां अडचण कळवावी. पहिलें अक्षर लहान असेल तर तुकडा दुय्यम. तो खुशाल सोडावा. तुकड्याचा अर्थ वाचणाऱ्यास बिलकुल न कळतांही, त्याकडे दुर्लक्ष करावें कीं नाहीं एवढें कळतें, कारण तें लिहिणारानेंच सांगून ठेविलें आहे. देवनागरींत लहान-मोठीं अक्षरें नाहींत, त्यामुळें ही युक्ति नागरीच्या उपासकांस सुचली नसती, असें कोणी थट्टेनें म्हणेल. बँकेचें पान उघडतांना जें ओळखपत्र संगणक तपासतो त्यांतही हीच तजवीज आहे: ‘महत्त्वाचें’ अशी खूण असलेली पुरवणी न कळली तर ओळखपत्रच नाकारावें लागतें. सी प्लस प्लसच्या दुहेरी कंसांना असें मोठें अक्षर नाहीं. दुर्लक्ष केल्यास चालेल असा शेरा आणि चालणार नाहीं असा शेरा, दोन्ही एकाच पोषाखांत उभे असतात.

मालवणच्या समुद्रांत, सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या भोंवतीं, पाण्याखालीं व पाण्याबरोबर इतके खडक आहेत कीं, अनोळखी जहाजानें नकाशावांचून आंत येऊंच नये. भारताच्या किनाऱ्याचे अधिकृत सागरी नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयांत तयार होतात. आतां ते कागदाबरोबर विद्युत् स्वरूपांतही निघतात आणि जहाजावरचें यंत्र ते पडद्यावर काढतें. नकाशा नवा आणि यंत्रांतील चिन्हांचा संग्रह जुना, असें झालें म्हणजे यंत्रास न कळणारी वस्तु नकाशांत येते. आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेनें त्यासाठीं घालून दिलेला नियम निराळाच आहे. यंत्रानें ती वस्तु गाळावयाची नाहीं, कीं नकाशा बंदही करावयाचा नाहीं. त्या जागीं जांभळट गुलाबी रंगाचें एक प्रश्नचिन्ह काढावयाचें. गलबताच्या वाटेवर, नेमक्या त्या अक्षांश-रेखांशावर, येथें कांहीं आहे आणि तें काय तें मला कळलेलें नाहीं, एवढें तें प्रश्नचिन्ह सांगतें. पहाऱ्यावरचा अधिकारी त्या चिन्हावर दर्शक नेतो, नकाशांत त्या वस्तूविषयीं जें नोंदलें असेल तें वाचतो, आणि तोंवर जहाजाचा वेग किती ठेवावा हें स्वतः ठरवितो.